पोट फुगतंय, दोन घासांत भरतंय, आणि आपण पित्ताची गोळी घेतोय

पायवाट:

माझ्या ताईला जाऊन तीन वर्षं होतील. अंडाशयाचा कॅन्सर. वय ५४. हा धागा काढायचं बरेच महिने मनात होतं, पण तिच्याबद्दल लिहायला बसलं की हात थांबायचा. गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एक काकू बोलता बोलता म्हणाल्या, "हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरतं गं. कपडे कमरेत तंग होतात आणि वजन मात्र उतरतंय." मला जागच्या जागी घाम फुटला. ताई अगदी याच शब्दांत सांगायची.

तिचं सुरू झालं ते पोट फुगण्यापासून. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं की पाळी जायच्या वयात असं होतंच. डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग आयबीएस (आतड्यांचा जुनाट, वारंवार होणारा त्रास) म्हणून आतड्यांचं औषध. मग लघवीला सारखं जावं लागायला लागलं, तर जंतुसंसर्गाचं औषध, लघवीच्या तपासणीत जंतू सापडले नव्हते तरी. असे आठ महिने गेले. या आठ महिन्यांत तिच्या पोटाची सोनोग्राफी एकदाही झाली नाही. झाली तेव्हा पोटात पाणी साठलेलं होतं आणि आजार तिसऱ्या टप्प्यात होता.

कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. एकेक तक्रार सुटी धरली तर तिच्यावर दिलेलं औषध चुकीचं वाटत नाही. या सगळ्या तक्रारी एकाच बाईच्या एकाच ओटीपोटातून येताहेत, हे कुणी जोडून पाहिलं नाही. आम्हीही नाही. ते मला अजून टोचतं.

तेव्हापासून जे वाचलं, डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते इथे मांडते. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करा.

लक्षात ठेवायच्या मुख्य तक्रारी चार आहेत: पोट फुगलेलं राहणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, आणि लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागणं. यातली एकही "कॅन्सरची" वाटत नाही, कारण प्रत्येक बाईला यातलं काहीतरी कधी ना कधी होतंच. फरक दोन गोष्टींत आहे. एक, हे आपल्यासाठी नवं आहे का? म्हणजे गेल्या वर्षभरातच सुरू झालंय का? आणि दोन, ते येऊन-जाऊन आहे की ठाण मांडून बसलंय? ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात सरळ म्हटलंय की बाईला, विशेषतः पन्नाशीनंतर, या तक्रारी महिन्यातून १२ पेक्षा जास्त वेळा होत असतील तर तपासण्या करा. त्याच सूचनेतलं आणखी एक वाक्य वाचून मी रडले होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आयबीएससारखा त्रास सुरू झाला तर अंडाशयाची तपासणी करा, कारण त्या वयात आयबीएस नव्याने सुरू होणं विरळा. ताईला ५३ व्या वर्षी "आयबीएस" झाला होता.

हा आजार इतका दडून का राहतो? अंडाशय असतो बदामाएवढा, ओटीपोटात खोलवर, गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना एकेक. भोवती जागा मोकळी. गाठ बरीच मोठी होईपर्यंत कशावर दाबच येत नाही. शिवाय या कॅन्सरच्या पेशी सुटून पोटातल्या द्रवाबरोबर हिंडतात, पोटाच्या अस्तरावर आणि आतड्यांपुढे ओमेंटम नावाचा जो चरबीचा पडदा असतो त्यावर जाऊन रुजतात. म्हणून पोट फुगतं, म्हणून भूक मरते. जगभरात २०२२ या एका वर्षात सुमारे ३ लाख २४ हजार बायकांना हा आजार झाल्याचं कळलं आणि सुमारे २ लाख ७ हजार जणी गेल्या. बहुतेक जणींचं निदान होतं तेव्हा आजार अंडाशयाबाहेर पसरलेला असतो.

काकूंना मी तपासून घ्या म्हटलंय. त्या "बघू" म्हणाल्या.

ओंजळ:

पायवाट, तुझ्या ताईबद्दल वाचून गलबलून आलं. लिहिलंस ते फार चांगलं केलंस. स्तनातली गाठ कशी पाहायची हे मला कॉलेजमध्ये असताना शिकवलं होतं. अंडाशयाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

एक शंका. मी दर तीन वर्षांनी पॅप स्मीअर करते, नेहमी नॉर्मल येते. म्हणजे अंडाशयाचीही काळजी मिटली ना?

सूक्ष्मदर्शी:

नाही, ओंजळ. हा गैरसमज मला रोज भेटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बायकांच्या कॅन्सरच्या पेशी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

पॅप स्मीअरमध्ये गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी घेतात. ती तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे आणि त्यासाठी उत्तम आहे, ती सोडू नका. पण अंडाशय तिथून बराच आत आहे. एचपीव्हीची लस हीसुद्धा गर्भाशयमुखासाठी, अंडाशयासाठी नाही. तीन अवयव, तीन वेगळे आजार: गर्भाशयाचं मुख, गर्भाशय, अंडाशय. आपण सगळ्याला मिळून "पिशवी" म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

पायवाट यांनी लिहिलंय त्यात एक भर. ज्याला आपण अंडाशयाचा कॅन्सर म्हणतो, त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, हाय ग्रेड सीरस, हा बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो सुरू होतो गर्भनलिकेच्या टोकाशी, जिथे झालरीसारखी बोटं असतात तिथे. हे कळलं कसं ते सांगण्यासारखं आहे. ज्या बायकांना आनुवंशिक धोका होता त्यांनी आजार होण्याआधीच अंडाशय आणि नलिका काढून घ्यायला सुरुवात केली. या निरोगी दिसणाऱ्या नलिकांचे पॅथॉलॉजिस्टांनी बारीक काप करून पाहिले, तर काहींच्या टोकाशी कॅन्सरची अगदी पहिली, मिलिमीटरभराची पायरी सापडली. अंडाशय मात्र स्वच्छ. मला आठवतंय, आम्ही शिकत होतो तेव्हा नलिकेचा एखादाच काप तपासणीला घ्यायचो, बाकीची टाकून द्यायचो. आता संशय असेल तर ते टोक पूर्ण बघतात.

याचा उपयोग लगेच झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून डॉक्टरांना सांगितलं गेलं की गर्भाशयाचं ऑपरेशन करताना किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करताना, बाईची तयारी असेल तर, नलिका पूर्ण काढा. अंडाशय ठेवता येतात, त्यामुळे हार्मोन्स चालू राहतात. कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर हा प्रश्न आधी विचारा. "माझ्या नलिका काढणार का?" एवढंच.

दूरचा_दिवा:

धाग्याबद्दल आभार. मी पुरुष आहे, पण पत्नी ५१ वर्षांची आहे म्हणून वाचतोय. सीए-१२५ ही रक्ततपासणी असते ना? ती दरवर्षीच्या तपासणीत घालून टाकली तर? सुईचा एक टोचा, आणि काळजी मिटली. सगळ्यांनीच का करू नये?

सूक्ष्मदर्शी:

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर मला स्वतःलाही आवडत नाही.

सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन. त्याची साधारण मर्यादा ३५ धरतात. पण पाळी चालू असताना, गरोदरपणात, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असताना, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), पोटाच्या टीबीमध्ये, यकृताच्या आजारात, हे सगळं असताना तो आकडा वर जातो. उलट पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या जणींत तो वाढलेलाच नसतो. म्हणजे नको तिथे घाबरवतो आणि हवं तिथे गप्प बसतो.

तरीही वाटेल, करून बघायला काय हरकत आहे. म्हणूनच मोठे प्रयोग झाले. अमेरिकेतल्या पीएलसीओ चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला. ७८ हजारांवर बायका होत्या, अर्ध्या जणींची दरवर्षी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी झाली. मृत्यू कमी झाले नाहीत. ३,२८५ जणींना "संशय आहे" असं चुकून सांगितलं गेलं, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना त्या ऑपरेशनमुळे गंभीर गुंतागुंत झाली. कॅन्सर नसलेल्या बायकांना. ब्रिटनमध्ये यूकेसीटीओसीएस नावाची चाचणी याहून मोठी, २ लाखांवर बायकांची, कितीतरी वर्षं चालली. तिचा अखेरचा निकाल २०२१ मध्ये आला. तिथे रक्ताचा आकडा वर्षागणिक कसा बदलतो हे बघून ठरवत होते, पद्धत जास्त चांगली होती. आजार थोडा लवकरच्या टप्प्यात सापडलाही. पण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही.

म्हणून काहीही त्रास नसलेल्या, घराण्यात आजार नसलेल्या बाईने दरवर्षी सीए-१२५ करू नये असंच सांगितलं जातं. त्रास असेल तर मात्र तीच तपासणी कामाची ठरते. शोधायला आणि शंका फेडायला वेगवेगळे नियम लागतात.

दूरचा_दिवा:

समजलं. पण मग एक गोष्ट टोचतेय, रागावू नका. लवकर सापडूनही मृत्यू कमी होत नसतील तर लक्षणं ओळखा, लवकर जा, हे सगळं सांगून बायकांना नुसती धास्तीच नाही का लावत आहोत?

पायवाट:

दूरचा_दिवा, रागावले नाही. हा प्रश्न मी रात्री जागून स्वतःला विचारलाय.

ताई आठ महिने आधी गेली असती तर वाचली असती का? मला माहीत नाही, आणि वाचलीच असती असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्या आठ महिन्यांत काय झालं ते माहीत आहे. तिचं खाणं सुटलं. ती इतकी अशक्त झाली की निदान झालं तेव्हा मोठं ऑपरेशन झेपेल का यावरच डॉक्टरांची चर्चा चालली. पोटातलं पाणी काढायला रात्री धावपळ करत न्यावं लागलं, तेव्हा कळलं. कुठे जावं, कोण चांगलं, दुसरं मत घ्यावं का, यातलं काहीही विचारायला आम्हाला उसंत मिळाली नाही. आणि आठ महिने तिला वाटत राहिलं की आपणच फार कुरकुर करतोय. ती माझी माफी मागायची, "तुला सारखं तेच तेच सांगते" म्हणून.

हे तरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सूक्ष्मदर्शी:

पायवाट, याला वैद्यकीय आधारही आहे. या आजारात ऑपरेशननंतर पोटात डोळ्यांना दिसेल असा आजार शिल्लक राहिला की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं. बाई धडधाकट असताना, आजार कमी पसरलेला असताना, या कामात मुरलेल्या सर्जनच्या हाती पडली तर ते साधण्याची शक्यता जास्त. धावपळीत, तातडीच्या विभागातून निदान झालेल्यांचे निकाल सहसा जास्त वाईट असतात. आणि आजार खरोखरच अंडाशयापुरता असताना सापडला तर १० पैकी ९ जणी पाच वर्षांनंतरही असतात. लांब पसरलेला असेल तर तेच प्रमाण १० पैकी ३ च्या आसपास.

काठावरची:

मी त्या ३ मधली आहे. सहा वर्षं झाली. टप्पा ३-सी, म्हणजे आजार पोटात लांब पसरलेला.

हा धागा वाचून गप्प राहवेना. माझी "पिशवी" ४१ व्या वर्षी काढली होती, फायब्रॉइडसाठी. नंतर पोट फुगायला लागलं तेव्हा मीच डॉक्टरांना ठासून सांगितलं, "पिशवी काढलीय माझी, त्यातलं काही असणार नाही." कुणालाही माझे जुने कागद बघावेसे वाटले नाहीत, मलाही नाही. माझे दोन्ही अंडाशय जागेवर होते. बायांनो, ऑपरेशन झालं असेल तर कागद काढून बघा. काय काढलं आणि काय ठेवलं, हे आपल्याला आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. (दोन्ही अंडाशय काढलेले असले तरी पोटाच्या अस्तराचा तसाच कॅन्सर क्वचित होऊ शकतो, हेही मला नंतर कळलं.)

उपचाराबद्दल विचारतील म्हणून लिहिते. मला आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी. केस गेले, आले. त्याची लोक फार चर्चा करतात. तळपायांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या त्याबद्दल मात्र कुणी आधी बोललं नव्हतं. बटण लावता येईना, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटायचं. बरंचसं गेलं, थोडं राहिलंय. केमोमध्ये असं सुरू झालं तर लगेच सांगा, सोसत बसू नका, मात्रा कमी-जास्त करता येते. माझ्या जनुकांत बीआरसीएचा बदल निघाला (या जनुकांत बिघाड असला की अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) म्हणून नंतर दोन वर्षं ओलापारिबच्या गोळ्या घेतल्या. थकवा यायचा, रक्त कमी व्हायचं, पण घरी राहून घ्यायच्या गोळ्या होत्या.

आणि एक, हे मोठ्याने सांगते. ऑपरेशन कोण करणार ते विचारा. स्त्रियांच्या कॅन्सरचे वेगळे सर्जन असतात, गायनॅक ऑन्कोलॉजिस्ट. संशय असलेली गाठ सुई घालून रिकामी करणं किंवा पोटात फोडून काढणं धोक्याचं आहे, आतल्या पेशी पोटभर पसरू शकतात. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दुसरीकडे तसं झालं होतं. ती नेहमी म्हणायची, घाई केली मी. घाई तिने केली नव्हती, तिला कुणी थांबवलं नव्हतं.

निळी_शाई:

काठावरची, तुम्हाला मनापासून नमस्कार.

बीआरसीएचा विषय निघालाच आहे म्हणून माझं सांगते. मला प्रत्येक तपासणीत विचारलं जायचं, "आईला, मावशीला, आजीला कॅन्सर होता?" मी म्हणायचे नाही. खरंच नव्हता. माझ्या आत्याला ४८ व्या वर्षी अंडाशयाचा झाला आणि वडिलांच्या आईला स्तनाचा. वडिलांकडचं कुणी विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. बीआरसीएतला बदल वडिलांकडूनही तितकाच येतो, निम्मी शक्यता. आणि बऱ्याचदा वडिलांना स्वतःला काहीच झालेलं नसतं, म्हणून तो बापाच्या बाजूने दडून चालत येतो. माझ्यात निघाला, बीआरसीए-१. भावाचीही तपासणी केली, त्याच्यातही आहे. पुरुषांनाही याने प्रोस्टेटचा, स्तनाचा धोका वाढतो, आणि त्याच्या मुलींचा प्रश्न आहेच.

आकडा ऐकून मी हादरले होते. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका १ टक्क्याच्या आसपास असतो. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बीआरसीए-१ असलेल्यांचा ८० वर्षांपर्यंतचा धोका ४४ टक्के आणि बीआरसीए-२ वाल्यांचा १७ टक्के निघाला. मला डॉक्टरांनी ३५ ते ४० च्या दरम्यान नलिका आणि अंडाशय काढून घ्यायला सुचवलं. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये हेच केलं, ती ३९ वर्षांची होती, तिची आई ५६ व्या वर्षी याच आजाराने गेली होती. तिने ते उघडपणे लिहिलं म्हणून मला निदान काय बोलायचं ते कळलं.

मी ३८ व्या वर्षी ऑपरेशन केलं. सोपं नाही. एका रात्रीत पाळी जाते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडांची काळजी घ्यावी लागते. पश्चात्ताप नाही, पण मी रडले नाही असंही नाही. ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांनी आधी समुपदेशकाशी बोला. आणि घरात आजार झालेली व्यक्ती हयात असेल तर जनुकांची तपासणी आधी तिची करतात, मग बाकीच्यांना नेमकं काय शोधायचं ते कळतं. आत्याची तपासणी झाली म्हणूनच माझी सोपी झाली. ती तेव्हा केमोत होती, तरी म्हणाली, "घे माझं रक्त, पोरींच्या कामी येऊ दे."

ओंजळ:

"पोरींच्या कामी येऊ दे". हे वाचून पुढचं वाचता येईना.

आज रात्री वडिलांना फोन करून त्यांच्याकडच्या सगळ्या बायकांची यादी करणार आहे.

पहिला_पाऊस:

नमस्कार. मी २३ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ४ सेंमीची सिस्ट निघाली, शिवाय पीसीओएस आहे असंही लिहिलंय. हा धागा वाचल्यापासून झोप लागत नाहीये. आईला सांगायची भीती वाटते. हे कॅन्सरकडे जातं का?

सूक्ष्मदर्शी:

बाळा, आधी शांत हो. पाळी येणाऱ्या मुलींच्या अंडाशयात दर महिन्याला अंडं तयार होताना पाण्याची छोटी पिशवी होतच असते. कधी ती फुटत नाही, वाढते, आणि दोन-तीन पाळ्यांत आपली आपण जिरते. अशा बहुतेक सिस्ट निरुपद्रवी असतात. पीसीओएस म्हणजे वेगळीच गोष्ट, त्यातले "सिस्ट" म्हणजे अर्धवट वाढलेली अंडी. पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर नव्हे.

अहवालात काय शब्द आहेत ते बघ. "सिंपल", पातळ भिंत, आत फक्त पाणी, असं असेल तर डॉक्टर सहसा काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. आत घट्ट भाग आहे, जाड पडदे आहेत, पोटात पाणी आहे, असं लिहिलं असेल तर लवकर दाखव. तुझ्या वयात क्वचित जर्म सेल नावाच्या गाठी होतात, त्यांच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात, आणि त्या उपचाराला इतक्या चांगल्या दाद देतात की बहुतेकींचा दुसरा अंडाशय आणि गर्भाशय ठेवता येतो. हे फक्त माहीत असावं म्हणून. आईला आजच सांग. एकटीने नको हे.

पहिला_पाऊस:

"सिंपल सिस्ट" असंच लिहिलंय. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. थँक्यू ताई. आईला सांगते.

माळरान:

दोन छोटे प्रश्न. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात, खरं का? आणि टाल्कम पावडरचं काय?

सूक्ष्मदर्शी:

गोळ्यांचं अंडाशयाच्या बाबतीत उलट आहे. त्या घेतलेल्या बायकांना हा कॅन्सर कमी होतो, जितकी वर्षं घ्याव्यात तितका कमी, आणि थांबवल्यानंतरही अनेक वर्षं ते संरक्षण टिकतं. मूल होणं, अंगावर पाजणं यांनीही धोका कमी होतो. अंडं बाहेर पडण्याचं चक्र थांबतं हे त्यामागचं एक कारण मानतात. पण गोळ्यांचे रक्ताच्या गुठळ्यांसारखे इतर धोके आहेत, त्यामुळे केवळ यासाठी आपल्या मनाने सुरू करू नका. एंडोमेट्रिऑसिस असलेल्यांना मात्र काही प्रकारांचा धोका थोडा वाढतो.

टाल्कला आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२४ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. जननेंद्रियांजवळ पावडर लावायची गरज कुणालाच नसते, तर नकाच लावू.

निळी_शाई:

अवांतर, पण या धाग्यात शोभेल म्हणून. डीएनएच्या रचनेचा उलगडा ज्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे झाला त्या रोझलिंड फ्रँकलिन याच आजाराने गेल्या, १९५८ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी. १९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना स्कर्ट कमरेला बसेना, तिथून शंका आली. ऑपरेशननंतरही त्या अगदी शेवटापर्यंत प्रयोगशाळेत जात राहिल्या. आज माझी जी जनुकतपासणी झाली ती त्यांच्या कामाशिवाय झाली नसती. कपडा कमरेला तंग होणं, हे या धाग्यात दुसऱ्यांदा आलंय.

पायवाट:

थोडी मदत हवी आहे. काकू तयार नाहीत. आज पुन्हा विषय काढला. म्हणाल्या, "या वयात ते आतून तपासणं वगैरे नको गं, लाज वाटते." शिवाय "डॉक्टर विचारतील काय होतंय, तर मला नीट सांगताच येत नाही, पोटात कसंतरी होतं एवढंच सांगता येतं." मी काय करू?

काठावरची:

लाजेला हसू नका त्यांच्या. मलाही वाटायची. त्यांना सांगा की सोनोग्राफी आधी पोटावरून होऊ शकते, आतून करावी लागली तर बाई डॉक्टर मागता येते, आणि मध्येच "थांबा" म्हणता येतं. मला हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर मी दोन महिने आधी गेले असते.

आणि "कसंतरी होतं" यावर उपाय म्हणजे वही. रोज रात्री एक ओळ. पोट फुगलं का, किती खाल्लं, कुठे दुखलं, लघवीला किती वेळा उठले. तीन आठवडे. मग तोंडाने काही सांगायला नको, वही पुढे करायची. डॉक्टरही कागदावरचा आकडा बघून ताठ बसतात. पण त्यांचं वजन उतरतंय म्हणता, तर तीन आठवडे थांबू नका. वही लिहीत लिहीतच जा.

ओंजळ:

आणि थेट विचारायचं, "हे अंडाशयामुळे असू शकेल का?" नाव घेऊन विचारलं की समोरच्याला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. मी हे आता पाठ करून ठेवलंय.

दूरचा_दिवा:

पत्नीला हा सगळा धागा वाचून दाखवला. सीए-१२५ चं डोक्यातून काढलं. ती म्हणाली, "तपासणीचं राहू दे, मी पोट दुखतं म्हणाले की 'गॅस असेल' म्हणायचं तेवढं बंद कर." गेली पंचवीस वर्षं म्हणतोय मी तसं. बंद केलं.

पायवाट:

बारा दिवसांनी लिहितेय.

काकूंनी वही केली. मागचे दिवस आठवून आठवून तिच्यात भरले, आणि सोमवारी आम्ही दोघी गेलो. बाई डॉक्टर होत्या. काकूंनी वही पुढे केली आणि माझ्याकडे बघत, अडखळत, पण स्वतःच विचारलं, "हे अंडाशयाचं असू शकेल का?" डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली आणि त्याच दिवशी सोनोग्राफी आणि सीए-१२५ लिहून दिलं.

डाव्या बाजूला गाठ आहे, आत थोडा घट्ट भाग आहे. पोटात पाणी नाही. सुई घालायची नाही, इथे ऑपरेशन करायचं नाही, असं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं आणि गायनॅक ऑन्कोलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. गाठ कसली आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. साधीही असू शकते. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे.

काकू घाबरल्यात. वाटेत फक्त एवढंच म्हणाल्या, "मी उगाच कुरकुर करत नव्हते तर." मला ताई आठवली, काही बोलता आलं नाही, नुसता त्यांचा हात धरला.

वही आत्ता माझ्याकडे आहे, सगळे अहवाल तिच्यातच ठेवलेत. पहिल्या पानावर त्यांनी महिन्यातले त्रासाचे दिवस मोजून लिहिलेत. १९.